दारू थांबल्यावरची मीटिंग : ओळखीच्या गावात ती शोधायची कशी आणि आत जायचं कसं

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक, वय 41. पिणं चौदा-पंधरा वर्षांचं, त्यातली शेवटची तीन वर्षं रोजचं. सांगलीतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या औषधांवर आज 23 दिवस झाले, थेंब नाही. डॉक्टर म्हणतात, आता एएच्या, म्हणजे दारू थांबवण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्या लोकांच्या समूहाच्या, मीटिंगला जायला लागा. तर मीटिंग कुठं असते, कशी शोधायची, तिथं करतात काय, देवाधर्माचं काही असतं का, गोळी चालू असताना गेलं तर चालतं का? आणि पत्राच्या तळाला, अगदी शेवटी : ‘सांगलीत मला निम्मा तालुका ओळखतो. कुणी बघितलं तर?’

सर, मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तरी माणूस मीटिंगला जाऊ शकतो. हा एक प्रश्न मात्र दारापर्यंत पोचलेल्याला माघारी पाठवतो. सांगली-मिरजेत व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणून मला 22 वर्षं झाली. शिक्षक, तलाठी, एसटीचे वाहक, एक-दोन डॉक्टर, सगळ्यांनी हाच प्रश्न विचारलाय आणि सगळ्यांनी सगळ्यात शेवटी विचारलाय.

तुम्ही पीत होता हे कुणाकुणाला ठाऊक होतं, याची एकदा मनातल्या मनात यादी काढा. मी अंदाजानं सांगते, चुकलं तर सोडून द्या. परमिट रूमचा वेटर, जो तुम्ही बसायच्या आत ग्लास आणून ठेवायचा. बाहेरचा भुर्जीवाला. पानपट्टीवाला, ज्याच्याकडचा वेलदोडा चघळत तुम्ही घरी जायचा. गाडीवरून पडलात तेव्हा ज्यांनी उचलून कट्ट्यावर बसवलं ते लोक. दोनदा कानाडोळा केलेले केंद्रप्रमुख. आणि पहिल्या तासाला पुढच्या बाकावर बसणारी पोरं. त्यांना वास कळतो, सर, आणि ती घरी जाऊन सांगतात. टोचायला लिहीत नाही. पण एवढ्या लोकांच्या नजरा असताना तुम्ही बारच्या दारातून कधी माघारी फिरला नव्हता. तुम्ही पिता ही बातमी गावात शिळी झालीय. गावाला अजून कळलेलं नाही ते एवढंच, की गेले 23 दिवस तुम्ही थांबलाय.

आता खोलीच्या आतलं. तिथं जो तुम्हाला ओळखेल, तो स्वतः त्याच कारणासाठी आलेला असणार. त्याच्याही मुलीचं लग्न ठरायचंय, त्यालाही विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचंय. एएचं पूर्ण नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, आणि त्यातला ‘अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे अनामिक. पहिलं नाव पुरतं. ते खोटं सांगितलंत तरी कुणी आधार कार्ड मागत नाही. फॉर्म नाही, फी नाही, हजेरीपत्रक नाही (तुमच्या पेशाच्या माणसाला हे जरा विचित्र वाटेल). इथं ऐकलेलं इथंच ठेवून जायचं, असं मीटिंगमध्ये बहुधा मोठ्यानं सांगितलंही जातं.

हे शंभर टक्के पाळलं जातं का? नाही. 22 वर्षांत तीन-चार वेळा तरी माझ्या कानावर आलंय की अमक्याचं नाव बाहेर गेलं. त्यातल्या दोन वेळा ते खुल्या मीटिंगला आलेल्या पाहुण्यांकडून गेलं, एकदा सभासदाच्याच घरातून. म्हणून सुरुवातीला बंद मीटिंगला जा. लोक तिला ‘क्लोज मीटिंग’ म्हणतात. तिथं फक्त ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचंय तेच बसतात. ‘ओपन’ मीटिंगला घरचे, विद्यार्थी, आमच्यासारखे कामातले लोक, कुणीही येऊ शकतं.

दुसरी एक युक्ती आमच्याकडे सर्रास चालते. सांगलीचा माणूस मिरजेला जातो, मिरजेचा सांगलीला येतो. कऱ्हाडकर साताऱ्याचं तिकीट काढतात. तुम्हीही सुरुवातीचे काही आठवडे सांगली सोडून मिरज धरलीत तर त्यात लपण्यासारखं काही नाही. पण कोल्हापूर धरू नका. लांबचा समूह पहिल्यांदा बरा वाटतो, चौथ्यांदा जड जातो. माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी जण अशा लांबच्या मीटिंगला तीनदा जाऊन थांबले, आणि मग ‘मी एए करून बघितलं, मला काही लागू पडलं नाही’ असं सांगत राहिले. तीन वेळा जाणं म्हणजे नुसती तोंडओळख झाली.

आता शोधायचं कसं. इथं माझी एक चूक सांगते. बरीच वर्षं झाली. आमच्याकडे टाइप केलेली एक यादी होती : वार, वेळ, जागा. आटपाडीकडच्या एका माणसाला मी त्यातली एक ओळ कागदावर उतरून दिली. तो दोन एसट्या बदलून आला, शोधत शोधत त्या शाळेपाशी गेला, तर शाळेला कुलूप. समूह चार महिन्यांपूर्वीच दुसऱ्या जागी हलला होता. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. तो स्टँडवर परत आला. गाडीला दीड तास होता, आणि स्टँडच्या आजूबाजूला काय काय असतं ते तुम्ही जाणता. सात महिन्यांनी बायको त्याला घेऊन आली तेव्हा तिनं माझ्याच अक्षरातला तो कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. बोलली काही नाही.

तेव्हापासून मी नुसता पत्ता देत नाही, समोर बसवून फोन लावायला लावते. तुम्हालाही तेच सांगणार आहे. समूह जागा बदलतात. शाळेत नवीन मुख्याध्यापक येतात, समाजमंदिराला दुरुस्ती निघते, परीक्षेच्या काळात खोली मिळत नाही. इंटरनेटवरची यादी आणि दाराला लावलेला कागद, दोन्ही मागं राहतात. पुढच्या मीटिंगची जागा नक्की माहीत असते ती गेल्या आठवड्याच्या मीटिंगला बसलेल्या माणसाला. तुम्हाला पत्ता शोधायचा नाहीय, असा एक माणूस शोधायचाय.

एएची सुरुवातच अशा एका फोनमधून झाली. 1935 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल नावाचा एक शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात धंद्याच्या कामाला गेला होता. काम फिसकटलं. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, परक्या गावातलं हॉटेल, आणि लॉबीच्या एका टोकाला बारमधला गलका. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्यानं त्या यादीतल्या अनोळखी लोकांना फोन लावायला सुरुवात केली, कुणीतरी पिणारा माणूस गाठून द्या म्हणून. स्वतः न पिण्यासाठी त्याला दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायचं होतं. शेवटी एका बाईंनी त्याची गाठ गावातल्या एका सर्जनशी घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. त्या डॉक्टरांनी, बॉब त्यांचं नाव, 10 जून 1935 रोजी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस एएचा स्थापनादिन धरला जातो. बिलनंही त्या दिवशी यादीतला पहिला नंबर लागला नाही म्हणून फोन खाली ठेवला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

तुमच्या हाताशी असलेल्या वाटा अशा. सगळ्यात जवळची म्हणजे तुमचे डॉक्टर. पुढच्या तपासणीला त्यांना एवढंच म्हणा, ‘तुमच्या पेशंटांपैकी जे मीटिंगला जातात त्यातल्या एकाला माझा नंबर देता का?’ त्याचा नंबर मागू नका, तुमचा द्या. डॉक्टरांना दुसऱ्याचं नाव फोडता येत नाही, पण निरोप देता येतो. ही वाट बहुतेकांना सुचत नाही आणि माझ्या अनुभवात हीच सगळ्यात लवकर लागते. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं मानसोपचाराच्या ओपीडीत समाजसेवा अधीक्षक किंवा समुपदेशक कोण आहेत ते विचारा. डॉक्टरांपुढची रांग टाळून थेट त्यांच्याशी बोलता येतं. एएचं भारताचं कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या भागातल्या समूहांकडं पोचता येतं. तिथला नंबर आधी लावून बघा, सरळ गाडी काढू नका.

सरकारी नंबर दोन. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक 14446, आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा 14416. टेलिमानस चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. या दोन्ही ठिकाणांहून बहुधा व्यसनमुक्ती केंद्राचा किंवा दवाखान्याचा पत्ता मिळतो, एएच्या मीटिंगचा मिळेलच असं नाही. तो नाही मिळाला म्हणून फोन वाया गेला असं समजू नका. रात्री दोनला झोप लागत नाही आणि घशाला कोरड पडते, तेव्हा 14416 वर बोलायला माणूस असतो. साताऱ्याकडच्यांसाठी एक जादा वाट आहे : परिवर्तन. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्धच्या कामाबरोबरच व्यसनमुक्तीचं हे कामही साताऱ्यात उभं केलं. अशा केंद्रांतून बरे होऊन गेलेल्यांचं जाळं हा मीटिंग शोधण्याचा उत्तम धागा असतो, तुम्ही तिथं दाखल झाला नसलात तरी.

फोन लागला की काय विचारायचं? वार आणि वेळ तर विचाराच. मग विचारा : ही मीटिंग क्लोज आहे का? मराठीत होते का? (मिरजेसारख्या ठिकाणी हिंदी-मराठी मिसळ असते, त्यात अडचण नाही.) संपते किती वाजता? आणि शेवटी, ‘मी पहिल्यांदाच येतोय, दाराशी कुणी भेटेल का?’ हे विचारायला लाजू नका. त्या लोकांना याची सवय असते. नवीन माणूस आला की जुन्याचं पिणं लांब राहतं, हे त्यांच्या सगळ्या पद्धतीचं मूळ आहे. त्यामुळं तुम्हाला वाटेल त्यापेक्षा जास्त उत्साहानं ते तुम्हाला न्यायला येतील. कधीकधी जरा जास्तच.

‘किती वाजता संपते’ हे मी मुद्दाम घातलं. मीटिंग बहुधा संध्याकाळी असते, सहा-सात ते आठ-साडेआठ. पूर्वी तुम्ही बाटली उघडायचात ती हीच वेळ, म्हणून ती सोयीची आहे. पण तासगाव पंचवीस किलोमीटर, तुमचं गाव तिथून आणखी आत. मीटिंग संपल्यावर चहा, दोघांशी बोलणं, मग गाडी हुकली, मग स्टँड. हा सगळा हिशेब आधी मांडा. मोटरसायकलवर येणार असाल तर पावसाळ्यात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात त्या महिन्यांत रात्रीचं येणं जमेल का ते प्रामाणिकपणे बघा. शनिवारी तुमची शाळा सकाळची, रविवार मोकळा, म्हणजे शनिवार-रविवारची मीटिंग मिळाली तर ती पहिली पकडा. आठवड्याला एक पक्की, आणि मधे एक जमली तर. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा असं तिथले जुने लोक सांगतील. मुंबई-पुण्यात ते जमत असेल. तुमच्या गावाहून ते जमवायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात नोकरी आणि घर दोन्हीकडून बोंब होईल.

मधल्या दिवसांसाठी ऑनलाइन मीटिंग आहेत. टाळेबंदीत त्यांचं प्रमाण वाढलं आणि त्या टिकल्या, मराठीतही आहेत. कॅमेरा बंद ठेवून बसता येतं. खानापूर-विट्याकडचा गलाईवाला एक गडी मला माहीत आहे, सोन्या-चांदीच्या कामासाठी वर्षातले दहा महिने तमिळनाडूत असतो. भाषा कळेना म्हणून तो तिथल्या समूहात नुसता बसून यायचा. आता मराठी मीटिंग कानात घालून भट्टीपासून बाजूला बसतो. जत, आटपाडीसारख्या लांबच्या ठिकाणीही हाच आधार. पण फक्त ऑनलाइनवर राहू नका, निदान पहिलं वर्ष. फोनमधला आवाज तुमचा वास घेऊ शकत नाही.

आत गेल्यावर काय होतं ते सांगते, कारण लोक तिथं काहीतरी गूढ असेल असं धरून चालतात. खोली साधी असते. चर्चचा हॉल, समाजमंदिर, दवाखान्याचा वरचा मजला, आणि पुष्कळदा शाळेचा वर्ग. तुम्ही कदाचित तिसरी-चौथीच्या बाकावर गुडघे मुडपून बसाल, समोर फळ्यावर पाढे असतील. एक जण मीटिंग चालवतो, तो त्या दिवसापुरता. सुरुवातीला थोडं वाचन, एक छोटी प्रार्थना. मग एकेक जण उठतो, ‘माझं नाव अमुक, मी एक मद्यपी’ म्हणतो आणि पाच-सात मिनिटं स्वतःचं सांगतो. कसा पीत होतो, काय झालं, आता कसा आहे. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, चूक-बरोबर काढत नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यातून चहा आणि खोलीचा खर्च. नवीन माणसानं टाकायलाच हवं असं नाही. बाहेरच्या देणग्या ते घेत नाहीत, तशी त्यांची परंपराच आहे. कुणाला न पिता वर्ष झालं असेल तर केक कापतात. साठीचा, मिशा पिकलेला माणूस ‘माझा चौथा वाढदिवस’ म्हणतो तेव्हा नव्या लोकांना हसू येतं, तर येऊ द्या.

तुम्ही शिक्षक, म्हणून एक जास्तीची सूचना. पहिल्या दोन-तीन मीटिंगांत बोलू नका. तुमची पाळी आली की ‘आज मी फक्त ऐकतो’ म्हणायचं, ते चालतं. शिक्षक, वकील आणि पुढारी मंडळी तिथं फार लवकर छान बोलायला लागतात असं मी बघितलंय. पहिल्याच दिवशी वीस मिनिटांचं सुरेख भाषण, टाळ्या, आणि पुढच्या आठवड्यात माणूस गायब. चांगलं बोलता येणारा स्वतःच्या बोलण्याआड बसतो. त्यापेक्षा तो माथाडी कामगार ऐका, ज्याला चार वाक्यं धड जुळवता येत नाहीत आणि ज्याला अकरा वर्षं झालीत.

देवाचं. एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वर हा शब्द येतो, त्यापुढं ‘जसा आम्हाला उमगला तसा’ अशी पुस्ती आहे. त्यालाच तिथं ‘उच्च शक्ती’ असंही म्हणतात. मूळ मंडळी ख्रिस्ती वातावरणातली होती, त्याचा वास भाषेला आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडच्या समूहात मी माळकरी बघितलेत, नमाजाची वेळ सांभाळून येणारे बघितलेत आणि पक्के नास्तिकही. एकानं स्पष्ट सांगितलं होतं, ‘माझी उच्च शक्ती म्हणजे ही खोली. एकट्याला जमलं नाही ते हितं जमतंय.’ त्याला कुणी बाहेर काढलं नाही. सभासद व्हायला अट एकच : पिणं थांबवायची इच्छा.

माळेचा विषय निघालाच तर. आपल्या भागात माळ घालून दारू सुटलेली माणसं घरटी नाही तरी आळीगणिक सापडतील. ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते तेव्हा दिंडीत चालणाऱ्या कितीतरी जणांची ती पहिली कोरडी आषाढी असते. मी त्याला नावं ठेवत नाही. दर एकादशीला, दर भजनाला तीच माणसं भेटतात, कुणीतरी ‘आला न्हाईस काल?’ विचारतं, म्हणजे रीत मीटिंगचीच आहे. फरक एका जागी पडतो. माळ तुटली, म्हणजे पिणं झालं, की माणूस शरमेनं भजनाला जायचं बंद करतो. मीटिंगमध्ये ज्यानं काल घेतली त्यालाही आज खुर्ची असते. ‘स्लिप झाली’ म्हणून सांगायचं आणि पुन्हा एक दिवसापासून मोजायचं. माळ असेल तर राहू द्या, मीटिंगही करा. रविवारी एकाच डोसात दारू सोडवणारं औषध देणाऱ्यांकडं मात्र जाऊ नका. आत काय आहे ते देणारा सांगत नाही, आणि तुमची आधीची औषधं चालू आहेत.

गोळीचं. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण ‘ही घेऊन प्यायलो तर त्रास होईल असं डॉक्टर म्हणाले’ यावरून ती डायसल्फिराम असावी. ती घेत मीटिंगला जायला काहीच हरकत नाही. एखादा जुना सभासद म्हणेल, ‘गोळी म्हणजे कुबडी, आमच्यासारखं नुसत्या मीटिंगवर राहा.’ ते त्याचं वैयक्तिक मत समजा. औषध कमी करायचं की बंद, हे फक्त डॉक्टर ठरवतील. या गोळीचा परिणाम ती थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्या काळात दारू पोटात गेली तर चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, क्वचित जिवावरही बेततं. आणि दारू म्हणजे फक्त बाटलीतली नव्हे. काही खोकल्याच्या औषधांत असते, आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टांत ती मुरण्यातूनच तयार होते. आईनं ‘अशक्तपणा आलाय, घे दोन चमचे’ म्हणून द्राक्षासव पुढं केलं तर नको म्हणा. घरच्यांनी ही गोळी चहातून चोरून देण्याचे प्रकार आपल्याकडं होतात. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या एखाद्या ताईंसाठी सांगते : कृपा करून तसं करू नका. त्याला न कळता गोळी पोटात आणि वर क्वार्टर, यातून माणूस दगावू शकतो.

आणि एक धोक्याचं, जे मीटिंगमध्ये कुणी सांगेल न सांगेल. पुढं कधी घसरलात, चार-सहा आठवडे रोज प्यायलात, आणि मग जिद्दीनं एकदम बंद केलीत, तर ते घरात कोंडून घेऊन करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेलं दिसतं, जागाकाळ कळत नाही, ताप, घाम. याला आम्ही डीटी म्हणतो आणि उपचाराविना ते जीवघेणं ठरू शकतं. गावात याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून देवऋषाकडं नेण्यात एक रात्र जाते. नेमकी तीच रात्र महत्त्वाची असते. अशा वेळी मीटिंग शोधत बसायचं नाही, 108 लावायचा आणि सिव्हिल गाठायचं.

मीटिंगनं खरंच फरक पडतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गणिताच्या शिक्षकाच्या मनात ते असणार. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा एक मोठा आढावा आला : 27 अभ्यास, 10,565 माणसं. एएकडं नेणाऱ्या पद्धतशीर उपचारांत वर्षानंतर पूर्ण कोरडे राहिलेले साधारण 42 टक्के होते, इतर उपचारांत 35 टक्के. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले, हे लक्षात घेऊन वाचा. मी त्यातून एवढंच घेते की मीटिंगला तोडीस तोड फार थोडं आहे आणि ती फुकट आहे. पण शंभरात 42 म्हणजे 58 जण वर्षभरात कधी ना कधी प्यायलेही. त्यामुळं तुमचा समूह चुकीचा निघाला, म्हणजे तिथं एकच जण तासभर बोलतो, कुणी कर्जाचं विचारतो, कुणी विमा पॉलिसी गळ्यात मारतो, तर तो समूह सोडा आणि दुसरा धरा. मीटिंग सोडू नका. औषधं, डॉक्टरांची तपासणी, समुपदेशन हे सगळं सोबत चालू द्या.

तुमच्या मिसेसबद्दल दोन ओळी आहेत पत्रात, ‘ती अजून विश्वास ठेवत नाही, खिसे तपासते.’ तपासू द्या. 23 दिवस तुम्हाला मोठे वाटतात, त्यांच्याकडं पंधरा वर्षांचा हिशेब आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे समूह असतात. 1951 पासूनची ती चळवळ, एएपेक्षा वेगळी. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी सहचरी नावाचा गट चालतो. जवळपास असं काही आहे का ते त्याच फोनवर विचारा. तुम्ही गेला नाहीत तरी त्या जाऊ शकतात, तुम्ही पुन्हा प्यायला लागलात तरीही जाऊ शकतात. त्यांना ‘माझ्यासाठी चल’ म्हणू नका. नंबर द्या आणि गप्प बसा.

जवळ समूहच नसेल तर? एएच्या परंपरेत दोन-तीन जण सोबर राहण्यासाठी एकत्र बसले, दुसऱ्या कुठल्या संस्थेची पाटी लावली नाही, की तो समूह होऊ शकतो. तासगावात पुढंमागं तसं काही उभं राहील, पण ते काम तुमचं नाही, निदान या वर्षी नाही. 23 दिवसांचा माणूस समूह काढायला निघाला की मला धडकी भरते. तुम्हाला सवय आहे, वर्ग दिसला की खडू हातात घ्यायची. सध्या मागच्या बाकावर बसा.

मे महिन्याच्या सुट्टीचं मात्र आत्ताच ठरवून ठेवा. शिक्षकांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त घसरणी दिसतात त्या परीक्षेच्या ताणात नाहीत, निवडणुकीच्या कामातही नाहीत. त्या असतात मे महिन्यात : जत्रा, लग्नं, मुंबईहून आलेले भाऊबंद, दुपारी चारपर्यंत काही काम नाही. तोपर्यंत एखादा माणूस जोडलेला असावा ज्याला लग्नाच्या मांडवामागून फोन करता येईल. स्पॉन्सर म्हणतात त्याला. शक्यतो निराळ्या गावचा, निराळ्या धंद्यातला.

फोन आज मधल्या सुट्टीत लावा, शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन. उचलला नाही तर संध्याकाळी सातनंतर परत लावा. ती माणसंही दिवसा कुठंतरी कामावर असतात, आणि मीटिंग चालू असेल तर फोन बंद ठेवतात.